पॅनल लावा, पण फळा काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की तुमच्या पेपरच्या आतल्या पानावर दर दोन-चार दिवसांनी एक फोटो हमखास असतो. वर्गाच्या भिंतीवर मोठ्ठा काळा टीव्ही, त्याला झेंडूचा हार, खाली फोडलेला नारळ, बाजूला सरपंच नाहीतर नगरसेवक नाहीतर एखाद्या कारखान्याचे संचालक, आणि मथळा ठरलेला, अमुक शाळा झाली डिजिटल. चांगलंच आहे की, लोक लोकवर्गणी काढून, सीएसआरमधून, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पैसे गोळा करून शाळेला काहीतरी देतायत, त्याला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये. माझा मुद्दा एवढाच की ते पॅनल बसवतात कुठं बघा, मी बघितलेल्या बहुतेक वर्गांत बरोबर फळ्याच्या मधोमध. फळा एकतर काढून टाकलेला असतो नाहीतर दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांच्या पट्ट्या उरलेल्या असतात, एका पट्टीवर तारीख आणि सुविचार, दुसरीवर पट आणि हजर. शिकवायला फळा उरतच नाही. पॅनल लावा, पण बाजूच्या भिंतीला लावा, फळा काढू नका, असं माझं सरळ म्हणणं आहे. का ते जरा सविस्तर लिहिते, मोठं झालं तर कापा पण फळ्याचं कापू नका.

मी दिवसा एका सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते आणि संध्याकाळी सोलापूरच्या पूर्व भागात घरीच आठवी ते दहावीचे क्लास घेते. (तासिका तत्त्वाबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल, ते राहू दे.) म्हणजे सकाळी स्लाइडवर शिकलेली पोरं बघते आणि संध्याकाळी वहीत लिहून शिकणारी पोरं बघते, आणि ती पण परत वेगवेगळ्या शाळांतली.

दहावीचा भिंगांचा धडा घ्या. बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू ठेवली तर प्रतिमा कुठं पडेल याची किरणाकृती. परीक्षेला हमखास येते आणि हमखास चुकते. फळ्यावर ती काढताना मी आधी आडवी रेघ मारते, मुख्य अक्ष, मग भिंग, मग मधला बिंदू ओ, मग दोन्हीकडं मोजून एफ, म्हणजे भिंगाची नाभी, आणि त्याच्या दुप्पट अंतरावर टू-एफ. मग टू-एफच्या पलीकडं वस्तूचा बाण. आता पहिला किरण, अक्षाला समांतर जातो, भिंगातून वाकतो आणि पलीकडच्या एफमधून निघतो. इथं थांबायचं. दुसरा किरण बाणाच्या टोकापासून सरळ ओमधून, हा वाकत नाही. मग विचारायचं, कुठं भेटले दोघं? पोरं आपापल्या वहीत बघतात आणि ओरडतात, एफ आणि टू-एफच्या मध्ये. वर की खाली? खाली. मग उलटी ना? मोठी की छोटी? छोटी. हे त्यांनी स्वतः काढलेलं असतं, माझा हात जेवढा चालतो तेवढाच त्यांचा चालतो, कुणाचा एफ चुकला असेल तर त्याचे किरण भलतीकडंच भेटतात आणि त्याला तिथंच कळतं की काहीतरी घोटाळा झालाय.

हीच आकृती स्लाइडवर कशी येते, एका क्लिकमध्ये अख्खी. सगळे किरण, सगळी अक्षरं, प्रतिमा, लाल-निळे रंग, खाली तीन बुलेट, प्रतिमा वास्तव, उलटी, लहान. दिसायला माझ्या आकृतीपेक्षा दसपट सुंदर. पण कुठली रेघ आधी मारली आणि कुठली नंतर, ही गोष्ट त्या चित्रात नाहीच. पोराला वाटतं कळलं, कारण चित्र ओळखीचं झालं. संध्याकाळी मी म्हणते काढ बघू, तर आधी प्रतिमा काढतो आणि मग तिच्यापर्यंत किरण कसेतरी ओढून नेतो. उत्तर आधी आणि कारण नंतर. यात पोराची काय चूक, त्याला दाखवलंच तसं.

कुणी म्हणेल मॅडम ॲनिमेशन टाका, एकेक रेघ एकेका क्लिकला येऊ द्या. टाकता येतं, मी टाकते पण, आणि त्यानं फरक पडतोच. पण किती जण टाकतात? तयार कंटेंट पेनड्राइव्हमध्ये येतो, शिक्षकाला त्यात बोट घालता येत नाही, प्ले दाबायचं आणि बाजूला उभं राहायचं.

दुसरी गोष्ट यापेक्षाही मोठी आहे असं मला वाटतं. स्लाइड पुढं गेली की मागची गायब. फळ्यावर गणित सोडवलं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं एकदम डोळ्यासमोर असतं, पाचव्या ओळीला अडकलेला पोरगा मान वर करून दुसऱ्या ओळीत बघतो, अच्छा इथून आलं होय, आणि परत खाली येतो, मला न विचारता. स्लाइडवर त्याला दुसरी ओळ डोक्यात धरून ठेवावी लागते आणि त्याच डोक्यात पाचवी समजून घ्यावी लागते. माणसाच्या चालू स्मरणात एका वेळी फारच थोडं मावतं, ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून यावरच काम केलंय, शिकताना डोक्यावर किती भार पडतो आणि त्यातला किती फुकटचा असतो यावर. व्हिडिओ आणि स्लाइडमधून माहिती डोळ्यासमोरून निघून जाते म्हणून भार वाढतो, हेही याच अभ्यासातून पुढं आलंय. आपल्याकडं बीएडला हे शिकवतात, परीक्षेला लिहून घेतात, आणि नोकरी लागली की फळ्यावर पॅनल ठोकतात!

साधा मापाचाच हिशेब करा. ७५ इंची पॅनल म्हणजे ७५ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप, प्रत्यक्षात रुंदी साधारण साडेपाच फूट आणि उंची जेमतेम तीन फूट, म्हणजे १६-१७ चौरस फूट. चार बाय आठचा साधा फळा ३२ चौरस फूट. ६५ इंची असेल तर साडेबारा चौरस फुटांवरच आलं. म्हणजे लिहायची जागा निम्मी करून वर उद्घाटन करतोय आपण. शेवटच्या बेंचवरच्या साठाव्या पोराला काय दिसतं ते एकदा तिथं बसून बघावं, पाहुण्यांनी पण.

प्रोजेक्टर असेल तर आणखी गंमत. प्रोजेक्टरला काळा रंग पाडताच येत नाही, तो फक्त उजेड पाडतो, जिथं पाडत नाही तिथं भिंतीवर खोलीतला उजेड असतो तेवढाच राहतो. त्यामुळं खिडक्या बंद, पडदे बंद. आता सोलापुरात मार्चनंतर खिडक्या बंद करून साठ पोरं एका खोलीत, वर पत्रा, बाहेर पारा चाळिशीपार, पंखा गरम हवा खाली ढकलतोय, अंधार आणि मॅडमचा एकसुरी आवाज. मीच झोपेन. लाईट गेली तर विषयच संपला, तेवढ्यात खडू आणायला पोरगं ऑफिसात पळतं आणि मग आठवतं की खडू घेतलाय पण लिहायचं कुठं.

आता कॉलेजचं सांगते. तिथं शाळेपेक्षा वेगळाच रोग आहे. पोरं लिहीतच नाहीत. स्लाइड आली की मोबाइल वर, फोटो, खाली. तास संपला की एकच वाक्य, मॅडम पीपीटी टाका की ग्रुपवर. टाकली नाही तर मॅडम वाईट. आणि टाकली की तासाला येणं बंद, कारण मटेरियल मिळालंय. त्यांच्या मोबाइलमध्ये माझ्या स्लाइडचे फोटो गुड मॉर्निंगच्या गुलाबांमध्ये आणि सिद्धेश्वर यात्रेच्या सेल्फींमध्ये पडून असतात, परीक्षेच्या आदल्या रात्री ते वर-खाली सरकवतात आणि वाटतं वाचून झालं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढं. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. आपली अख्खी पीपीटी संस्कृती त्या पाच मिनिटांवर उभी आहे.

हातानं नोट्स काढणं लॅपटॉपवर टाइप करण्यापेक्षा चांगलं असा २०१४ चा एक प्रयोगही व्हॉट्सॲपवर फार फिरतो. पुढं तो इतरांनी परत करून बघितला तेव्हा फरक तेवढा ठळक आला नाही, म्हणून मी त्याच्या जिवावर काही बोलत नाही. माझा मुद्दा पेन की कीबोर्ड हा नाहीच, काहीच न लिहिणं हा आहे.

आणि शिक्षक तरी एवढ्या स्लाइड का करतात? कॉलेजात विचाराल तर उत्तर एकच, नॅक, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी संस्था. शिकवताना आयसीटी, म्हणजे संगणक वगैरे तंत्र, वापरता का, पुरावा द्या. म्हणून पीपीटीची संख्या मोजली जाते, फाइलला लावली जाते, फोटो जिओटॅग केले जातात. त्या पीपीटीनं कुणाला काय कळलं याचा रकाना मला अजून कुणी भरायला दिलेला नाही. पॉवरपॉइंट हे १९८७ साली निघालं ते मुळात ऑफिसातल्या मीटिंगसाठी, साहेबाला आपला प्रस्ताव पटवायला. तिथं समोरच्याला पटलं की काम झालं. वर्गात पटून भागत नाही, त्याला उद्या स्वतःला करता आलं पाहिजे.

बुलेट पॉइंटनं किती घोटाळा होऊ शकतो याचं एक उदाहरण मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते, कारण कल्पना चावलाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. १६ जानेवारी २००३ ला तिचं कोलंबिया यान उडालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाला लागला. यान वर फिरत असतानाच इंजिनियर लोकांनी हिशेब केला, कितपत नुकसान झालं असेल, आणि तो साहेब लोकांना स्लाइडवर दाखवला. स्लाइडचा मथळा धीर देणारा. आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर हा धीर होता त्यातला तुकडा ३ घनइंचाचा आणि यानाला लागलेला १९२० घनइंचाचा धरलेला, म्हणजे ६४० पट मोठा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्लाइडच्या अगदी तळाला, बारक्या अक्षरात, बुलेटच्या आत बुलेट. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं, सातही जण गेले. नंतर चौकशी मंडळानं आपल्या अहवालात या स्लाइडचं विश्लेषण छापलं आणि नासात तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड दाखवायची सवय लागलीय यावर स्पष्ट टीका केली. स्लाइडमुळं यान पडलं असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण 'म्हणून', 'तरीही', 'जर' हे शब्द बुलेटमध्ये गळून जातात आणि सायन्स तर या शब्दांवरच चालतं. पोरं उत्तरपत्रिकेत पण आता बुलेटच लिहितात, दोन बुलेटचा एकमेकांशी संबंध काय विचारलं तर गप्प.

स्लाइड वाचून दाखवणं हा आणखी एक प्रकार. पडद्यावर पूर्ण परिच्छेद आणि मॅडम तोच मोठ्यानं वाचतायत. कॅलिफोर्नियातले रिचर्ड मेयर यांनी या विषयावर वर्षानुवर्षं प्रयोग केलेत, चित्र आणि बोलणं यांनी चांगलं शिकता येतं, पण त्याच्यावर तेच बोलणं शब्दन् शब्द पडद्यावर पण टाकलं की उलट कमी होतं, कारण डोळे चित्र बघायचं सोडून अक्षरांमागं धावतात आणि वाचायचा वेग आणि ऐकायचा वेग जुळत नाही. पण इथं सोलापूरसाठी एक गोष्ट वेगळी आहे आणि ती मला रोज दिसते. माझ्या क्लासला येणाऱ्या निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, शाळा मराठी आणि सायन्स-मॅथ्स सेमी इंग्लिश. म्हणजे 'अपवर्तनांक'ही नवीन आणि 'रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स'ही नवीन. यांना तो शब्द डोळ्यांनी बघायलाच लागतो, नुसता कानावर पडून चालत नाही. मेयर यांच्या मांडणीतही हा अपवाद आहेच, ऐकणाऱ्याची भाषा वेगळी असेल किंवा शब्द अवघड असतील तर पडद्यावरची अक्षरं मदत करतात. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं की स्लाइडवर एकही शब्द नको, तर आपण ते तसंच्या तसं घेऊ नये. दोन-तीन शब्द, मोठे, दोन्ही भाषांत, आणि तासभर तिथंच राहिलेले. आणि तासभर राहायचं असेल तर त्यांना जागा कुठं आहे सांगा? फळ्यावरच ना!

मी पडद्याच्या विरोधात आहे असं वाटायला नको म्हणून हेही लिहिते. भूकंपाचा विषय निघाला की आपल्याकडं प्रत्येक घरात किल्लारीची एक गोष्ट असते, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सोलापुरातही माणसं रस्त्यावर आलेली. पोरांनी ती आजीकडून ऐकलेली असते. पण प्राथमिक लाट पुढं-मागं ढकलत जाते आणि दुय्यम लाट आडवी हलवत जाते, पहिली आधी पोचते आणि दुसरी नंतर, हे मी फळ्यावर कितीही बाण काढले तरी बाणच राहतात. एक मिनिटाचं ॲनिमेशन दाखवलं, आवाज बंद करून, मीच बोलत, दोनदा थांबवून, की काम झालं. चंद्राच्या कला तशाच, हृदयाच्या झडपा तशाच, पेशीविभाजन तसंच. जे हलतं ते पडद्यावर दाखवा. जे पोरानं स्वतः करायचंय ते फळ्यावर करा.

आपण तर डिसले गुरुजींच्या जिल्ह्यातली माणसं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. पण त्यांनी काय केलं होतं ते लक्षात घ्या की. त्यांनी पुस्तकात क्यूआर कोड टाकले, कविता, व्हिडिओ, गोष्टी, स्वाध्याय त्या कोडमागं ठेवले. पुस्तक काढून टाकलं नाही, पुस्तकालाच जोड दिली, आणि प्ले-पॉज पोराच्या हातात दिलं, कळलं नाही तर परत लाव. पॅनलवर प्ले-पॉज कुणाच्या हातात असतं? साठ पोरांना एकच वेग, आणि तो पण पेनड्राइव्हवाल्यानं ठरवलेला.

यंत्र आलं की शिक्षण सुधारेल ही आशा काही आजची नाही. १९७५-७६ मध्ये साइट नावाच्या सरकारी प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही दाखवला होता, त्यात आपल्या शेजारच्या कर्नाटकातलीही गावं होती. १९८४ मध्ये पुण्यात शाळकरी पोरांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी ही संस्था निघाली, चांगले कार्यक्रम केले त्यांनी, २०१७ मध्ये ती बंद पडली. रिचर्ड क्लार्क नावाच्या अभ्यासकानं १९८३ मध्ये लिहिलं होतं की माध्यम हे नुसतं वाहन आहे, किराणा आणणाऱ्या ट्रकमुळं जसं आपलं पोषण बदलत नाही तसं माध्यमामुळं शिकणं बदलत नाही. मला ते पूर्ण पटत नाही, किल्लारीच्या लाटा ट्रकवर अवलंबून आहेतच, आणि क्लार्क यांच्याशी तेव्हाही लोक भांडले. पण ट्रक आणायला घराची चूल पाडायची गरज नाही एवढं तरी पटावं. युनेस्कोनंही २०२३ च्या अहवालात म्हटलंय की शिक्षणातल्या तंत्रज्ञानाचा खरंच किती उपयोग होतो याचा निःपक्ष पुरावा कमीच आहे. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात मात्र पुरावाच पुरावा असतो.

तेव्हा ज्यांच्या हातात आहे त्यांनी, म्हणजे शाळा समित्या, संस्थाचालक, देणगी देणारी मंडळं, ऑर्डर देताना एक ओळ लिहून घ्यावी, पॅनल फळ्यावर बसवायचं नाही, बाजूच्या भिंतीला किंवा स्टँडवर. जागा नसेल तर सरकते फळे मिळतात, पॅनल मागं आणि फळ्याचे दोन पल्ले पुढं, हवं तेव्हा बाजूला करा. कॉलेजवाल्यांनी पीपीटी मोजायच्याच असतील तर मोजा, पण ग्रुपवर टाकताना मोकळ्या जागा ठेवलेली टाकू द्या, आकृती अर्धी, पायऱ्या गाळलेल्या, तासाला बसून भरायच्या. मी यंदा तसं सुरू केलंय, पोरं चिडलीत, पण वह्या परत दिसायला लागल्यात.

आणि ज्या शाळांत आधीच मधोमध बसलंय त्यांनी घाबरायचं कारण नाही, ब्रॅकेट काढायचं, बाजूच्या भिंतीला चार होल मारायचे, वायर थोडी लांबवायची, भोकं बुजवून फळ्याला काळा रंग द्यायचा. पॅनल वॉरंटीत असेल तर कंपनीच्याच माणसाला बोलवा. दिवाळीच्या सुट्टीत आरामात होईल.

आपली नियमित वाचक,
एक विज्ञान शिक्षिका,
अशोक चौक, सोलापूर